आतून पिवळी

नाखवांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका परक्या माणसाच्या गाडीचं बॉनेट बोटांच्या पेरांनी वाजवत होते आणि मान तिरकी करून ऐकत होते. तो माणूस रस्ता चुकून कोळीवाड्यात शिरला होता आणि गाडी वळवायला जागा शोधत होता. नाखवांनी बॉनेट झालं, छप्पर झालं, मग चारही दारं वाजवली आणि निकाल दिला, "डावीकडचा दरवाजा ठोकलेला हाय. आत पुट्टी भरलीय. कोणी विकली रं तुला?"

त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. गाडी त्याने नुकतीच घेतली होती.

मी आणि माझा पार्टनर विन्या त्या दिवशी गाळा बघायला गेलो होतो. अंधेरीच्या पश्चिमेला, जिथे टॉवर संपतात आणि खाडीचा वास सुरू होतो, तिथे एका गल्लीच्या शेवटी नाखवांचा हा गाळा होता. पूर्वी त्यात जाळी आणि बर्फाच्या पेट्या ठेवायचे. आम्हाला तिथे गाड्यांना विनाइल रॅप करायचं दुकान टाकायचं होतं. रॅप म्हणजे गाडीच्या मूळ रंगावर चिकटवायची पातळ फिल्म. नव्या रंगाचा कंटाळा आला की ती सोलून काढायची, खालचा रंग शाबूत. मी हे सगळं नाखवांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे गाडीला सदरा."

यापेक्षा चांगली जाहिरात आम्हाला पुढे कधीच सुचली नाही.

भाड्याचं लगेच जमलं. अट एकच होती, गाळ्याच्या दारात त्यांची खुर्ची राहणार. म्हातारा माणूस आहे, बसेल बापडा, असं आम्हाला वाटलं. सत्तरी ओलांडलेली, पण अंग दणकट. स्वच्छ पांढरं बनियन, गुडघ्यापर्यंतची चड्डी, गळ्यात सोन्याची जाड साखळी आणि कपाळावर ढकललेला चष्मा, जो मी डोळ्यांवर आलेला फारसा पाहिला नाही. त्यांना खरं नाव होतं, बँकेत आणि रेशन कार्डावर असेल. पण नाखवा म्हणजे होडीचा मालक, आणि त्यांची होडी अजून पाण्यात होती, म्हणून सगळी गल्ली त्यांना नाखवाच म्हणायची. त्यांची बायकोसुद्धा.

दारातली खुर्ची हे काय प्रकरण आहे, ते पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा कळलं. गिऱ्हाइकाने मला विचारलं, "पूर्ण गाडीला किती लागतील?" मी तोंड उघडायच्या आत दारातून आवाज आला, "दोन पाट्या पापलेट."

नाखवा भाव माशांत सांगायचे. त्यांना आकडे येत नव्हते असं मुळीच नाही. बर्फवाल्याचं आणि डिझेलवाल्याचं बिल ते उभ्या उभ्या तोंडी करायचे. पण पैसा हा त्यांच्या लेखी भरवशाचा नव्हता. "नोटेचा भाव सरकार ठरवतं," ते म्हणायचे, "पापलेटचा भाव पापलेट ठरवतं." पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की बाजारात मासळी महाग व्हायची आणि नाखवांच्या हिशेबाने आमचं काम निम्म्याने स्वस्त व्हायचं. "आता लावून घे," ते गिऱ्हाइकाला डोळा मारून सांगायचे, "एका पाटीत होतंय. नारळी पुनवेनंतर परत दोन लागतील." गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं. मी हळूच रुपयांत आकडा सांगायचो. मग गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, ते काका तर निम्म्यात होईल म्हणाले."

दुसरी गोष्ट भरतीची. कुठलंही काम सुरू करायचं ते भरती लागल्यावर. ओहोटीला लावलेली फिल्म सुटते, असं त्यांचं म्हणणं होतं. विन्याने पहिल्या आठवड्यात ते हसण्यावारी नेलं आणि त्या आठवड्यात एका बंपरची कड दोनदा सुटली. तेव्हापासून विन्याचा नाखवांवर विश्वास बसला आणि माझी पंचाईत झाली. कारण भरतीची वेळ रोज पुढे सरकते. गिऱ्हाइकांना मी काय सांगणार? आज अकराला या, परवा या तर दुपारी जेवून या. एकाने वैतागून विचारलं, "तुम्ही दुकान चालवता की होडी?" नाखवांना तो प्रश्न फार आवडला. त्यांनी त्याला चहा पाजला.

आणि मासळीचा वास. आमच्या कामाला धूळ चालत नाही, फिल्मखाली केस जरी अडकला तरी दिसतो. शेजारच्या अंगणात बोंबील वाळत घातलेले. एकदा एका काळ्या गाडीच्या बॉनेटवर विन्याने फिल्म बसवली, गरम हवा मारून ताणली, आणि मधोमध काहीतरी चमकलं. माशाचं खवलं. विन्या रडायच्या बेताला आला. नाखवांनी मात्र चष्मा डोळ्यांवर घेतला, जो ते कधी घेत नसत, आणि कौतुकाने म्हणाले, "राहू दे. शोभतंय." ते राहू देणं शक्यच नव्हतं. आम्ही फिल्म सोलली आणि नवी लावली. खवल्यासकट कापलेला तो तुकडा नाखवांनी मागून घेतला आणि घरी दाराच्या चौकटीवर चिकटवला.

विन्या अधूनमधून चिडून म्हणायचा, "यार, ह्या म्हाताऱ्याला एकदा गाळ्यातून बाहेर काढला पाहिजे."

"गाळा त्यांचाच आहे," मी आठवण करून द्यायचो.

पण या सगळ्याहून माझा जीव घ्यायचा तो त्यांचा एक शब्द. रॅपची चौकशी करायला कुणीही येवो, नाखवा त्याला विचारायचे, "कनाला?" म्हणजे, कशाला? मी समोर आकडेमोड करत असताना हा प्रश्न यायचा आणि उत्तर मिळेपर्यंत नाखवा सोडायचे नाहीत. बरं, त्यात खवचटपणा नसायचा. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असायचं. लोक सुरुवातीला चिडायचे, मग सांगायला लागायचे. एकाला गाडी मेहुण्याच्या गाडीसारखी दिसते म्हणून बदलायची होती. एका बाईच्या नवऱ्याने तिला न विचारता तपकिरी गाडी घेतली होती. एक रिक्षावाला तर नुसता बघायला आला होता, तो तासभर बसून बोलला. कधी कधी "कनाला"चं उत्तर देता देता माणसाच्याच लक्षात यायचं की आपल्याला रॅप नकोय, आणि तो नाखवांचे आभार मानून निघून जायचा. मी आकडेमोडीचा कागद चुरगाळून टाकायचो.

धंदा म्हणावा तसा चालत नव्हता, हे खरं होतं. स्कूटर आणि छोट्या गाड्या यायच्या, पण नाव व्हावं असं एकही काम हातात नव्हतं. विन्याचा हात सोन्याचा होता, फक्त ते कुणाला माहीत नव्हतं. दिवाळीपर्यंत बघायचं आणि नाही जमलं तर तो त्याच्या मेहुण्याच्या एसी रिपेअरिंगमध्ये जाणार, असं आमच्यात ठरत आलं होतं.

अशात एका सकाळी फोन आला. तो उचलला नाखवांनी. मी पोचेपर्यंत त्यांचं बोलणं सुरू झालं होतं. "हां, करतात रॅप. कसली गाडी? इटालीची? आणि झाकायची कनाला? बरं बरं, ये मग. भरती साडेदहाला हाय." फोन ठेवून त्यांनी मला बातमी दिली, "एक बाय येतेय. आवाजावरून मास्तरीण वाटतेय."

ती मास्तरीण नव्हती. घाटकोपरला दवाखाना असलेली हाडांची डॉक्टर होती. पंचावन्नच्या पुढची, कापलेले पांढरे केस, साधा कुर्ता, पायात बूट. आणि ती ज्या गाडीतून आली, तशी गाडी मी तोवर फक्त फोनवर पाहिली होती. दोन सीटची, जमिनीला टेकल्यासारखी, दारं पंखांसारखी वर उघडणारी आणि हळदीपेक्षाही पिवळी.

गल्लीच्या तोंडाला रहिवाशांनी रिक्षांचा वेग कमी व्हावा म्हणून सिमेंटचा एक उंच गतिरोधक करून ठेवला होता. गाडीचं नाक त्याला घासणार हे स्पष्ट दिसत होतं. डॉक्टरबाई तिथेच थांबल्या. मागे रिक्षांचे हॉर्न सुरू झाले. तेव्हा नाखवा खुर्चीतून उठले. गिऱ्हाइकासाठी त्यांना उठताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी शेजारच्या दोघातिघांना हाक मारली आणि होडी किनाऱ्यावर ओढताना खाली घालतात त्या जाड फळ्या आणवल्या. दोन अलीकडे, दोन पलीकडे. मग स्वतः पुढे उभे राहिले. "हलू, बाय, हलू. नाक वर आलं. थांब. आता सोड, सोड, आलीस!" पिवळी गाडी त्या फळ्यांवरून एवढीही न घासता आत आली आणि गल्लीने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाई उतरल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता, पण त्या हसत होत्या.

मी कामाला लागलो. टेप घेऊन गाडीभोवती फिरलो. अशा गाडीचा खर्च सांगताना लोकांना आधी धक्का बसतो, म्हणून मी तो सावकाश उलगडून सांगतो. गाडी दिसायला एवढीशी, पण प्रत्येक पत्र्याला इतकी वळणं आणि हवेची भोकं, की फिल्म एखाद्या मोठ्या जीपइतकी लागते. वाया जाते ती वेगळीच. बंपर, आरसे, दिवे, मागचा स्पॉयलर, सगळं उतरवायचं आणि ओरखडा न पाडता परत बसवायचं. गाडी आमच्या ताब्यात असेपर्यंतचा विमा. रंग बदलल्याची आरटीओत नोंद. आणि खरे पैसे जातात ते मजुरीत. "सगळं मिळून साडेचार लाख," मी म्हणालो. "आणि दारांच्या आतल्या कडा, चौकटी, उंबरठे, तेही झाकायचे असतील तर अजून लाखभर. कारण ते काम सगळ्यात किचकट. पण अशा गाड्यांना लोक आतूनही करतातच. नाहीतर दार उघडलं की जुना रंग दिसतो."

"आतूनही करा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "राखाडी. न चमकणारा. कुणाचं लक्ष जाणार नाही असा."

मी विन्याकडे बघितलं. विन्या भिंतीकडे तोंड करून मुठी आवळून उभा होता. हे काम झालं असतं तर अंधेरी ते बोरिवली आमचं नाव झालं असतं.

आणि दारातून आवाज आला, "बाय, एवढ्या पैशात होडीचं इंजिन येतं."

"हो का?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"राखाडी कनाला पण?"

मी डोळे मिटून घेतले.

नाखवा उठून गाडीपाशी आले. "माजा मोठा भाऊ होता," ते म्हणाले. "एका वर्साला त्याला राखाडी रंग स्वस्तात गावला. आमी होडीला भडक रंग देतो, पिवला, लाल, हिरवा. तो बोलला, रंग तो रंग. सगली होडी राखाडी केली. मग वाऱ्यात इंजिन बंद पडलं त्याचं. मी माजी होडी घेऊन शोधायला गेलो. आणि त्याच्या बाजूनं गेलो, बाय. एवढ्या जवलून. तो हात हालवत होता, वरडत होता. पानी राखाडी, आभाल राखाडी, होडी राखाडी. मला दिसलाच नाय."

विन्याने भिंतीकडचं तोंड वळवलं.

"मग?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मग गावला. दुसऱ्यांना गावला, दुसऱ्या दिवशी. चांगला म्हातारा होऊन गेला. मरेपर्यंत मला आंधला म्हणून हाक मारायचा." ते हसले, पण हात गाडीच्या पिवळ्या छपरावरच होता. "दिसायचा रंग कनाला झाकतंस?"

डॉक्टरबाई आता चिडतील असं मला वाटलं. पण त्या चिडल्या नाहीत. मोकळी बादली उलटी घालून त्यावर बसल्या.

"नाखवा, मी समुद्रावर जात नाही. मी घाटकोपरला दवाखान्याबाहेर गाडी लावते. माझे वडील गिरणीत होते. आम्ही सहा माणसं एका खोलीत. लहानपणापासून मला अशी एक गाडी हवी होती, ती मी ह्या वयात घेतली, सेकंडहँड, माझ्या कमाईची. पहिला महिना मी नुसती तिच्यात जाऊन बसायचे. मग एक आजी आल्या गुडघा दाखवायला. ऑपरेशनची तारीख घेतली आणि आल्याच नाहीत. मी विचारपूस केली तेव्हा सून म्हणाली, त्यांनी खिडकीतून तुमची गाडी पाहिली. म्हणाल्या, असली गाडी जिची आहे तिची फी आपल्याला कशी झेपणार. नाखवा, त्यांनी फी विचारलीसुद्धा नाही हो. आणि त्या घरी दुखरा पाय घेऊन बसल्या." त्यांनी गाडीकडे बघितलं. "ती आजी मला दिसायला हवी. गाडी नाही दिसली तरी चालेल."

नाखवांनी खुर्ची उचलली, आत भिंतीला लावून ठेवली आणि घरी निघून गेले.

काम आम्हाला मिळालं. गाडी उघडी करून विन्या जो भिडला तो भिडला. त्याचं काम बघायला शेजारचे लोक दारात उभे राहायचे. एका हातात गरम हवेची गन, दुसऱ्या हाताने फिल्म ताणत, तो ती राखाडी चादर एकेका वळणात अशी मुरवायचा की ती पत्र्यातूनच उगवल्यासारखी वाटायची. गिऱ्हाइकं येत होती, मी रुपयांत भाव सांगत होतो, कुणी मधे बोलत नव्हतं, कुणी भरतीचं नाव काढत नव्हतं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं, आणि मला अजिबात करमत नव्हतं. नाखवा फिरकलेच नव्हते.

त्यांची बायको, आम्ही त्यांना काकी म्हणायचो, रोज दुपारी मासळीची पाटी घेऊन आमच्या दारावरून बाजारात जायच्या. ठेंगण्या, ठसठशीत, केसांत अबोलीचा गजरा आणि आवाज असा की गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जावा. त्या एकदा थांबल्या. "तुजा नाखवा घरान बसलाय," त्या म्हणाल्या. जणू काही नाखवा माझी जबाबदारी होते. "दिवसभर टीवी लावतो आणि मला विचारतो, पिवली झाकली का? मी काय सांगू? मी काय गाड्या झाकते?"

"बाहेरून झाली, काकी. आतलं उद्या सुरू करणार."

"मग त्याला सांग. माजा जीव खाल्लाय."

मी सांगायला गेलो नाही, पण काकींनी सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेला नाखवा आले. राखाडी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट वाजवलं, ऐकलं. "सदरा बसलाय चांगला," विन्याला म्हणाले. विन्याचा ऊर भरून आला. मग म्हणाले, "दरवाजा उघड."

विन्याने दार वर उचललं. त्या मंद राखाडी अंगातून एकदम पिवळा बाहेर आला. चौकट, कडा, उंबरठा, बिजागराची खाच, सगळीकडे तोच हळदीचा रंग.

"हे पन झाकायचं?"

"आत्ता तेच करतोय," मी म्हणालो.

"कनाला?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. आतून केलं नाही तर काम अर्धवट वाटतं, अशा गाडीवाल्यांना ते चालत नाही, पैसे ठरलेले आहेत. नाखवांनी ऐकलं. मग हात पुढे केला. "बायला फोन लाव."

मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, कारण नाखवा फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून बोलायचे.

"बाय, नाखवा बोलतोय. तुजं बरोबर हाय. भायेरून झाकलंस ते बरं केलंस. त्या म्हातारीला दिसायला नको."

"हं," पलीकडून आवाज आला. सावध.

"पन दरवाजा कोन उघडतं?"

"मी."

"मग आतला रंग कोनाला दिसतो?"

पलीकडे दवाखान्यात कुणीतरी नंबर पुकारत होतं. "मलाच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग तुला काय ठेवलंस?"

डॉक्टरबाई हसायला लागल्या. आधी हळू, मग अगदी मोकळ्या, सहा माणसांच्या खोलीत वाढलेल्या माणसासारख्या मोठ्याने. "नाखवा, किती वाचतील हो माझे?"

"लाख," नाखवांनी सांगून टाकलं. रुपयांत. मी अडवू शकलो नाही.

"राहू द्या तो पिवळा."

माझ्या डोळ्यांदेखत लाख रुपये चालत दाराबाहेर गेले. विन्याने मात्र नाखवांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. त्या खाचांत वाकून वाकून त्याची कंबर मोडणार होती.

आता आम्ही मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आहोत. गाळा मोठा, वर एसी, बोंबलांचा वास नाही. कोळीवाड्यातली ती गाळ्यांची रांग पाडून तिथे इमारत झाली आणि नाखवांना वरच्या मजल्यावर घर मिळालं. त्यांची खुर्ची बाल्कनीत असते. तिथून खाडी दिसते, आणि खाली पार्किंगमध्ये कोण कशी गाडी लावतो तेही दिसतं, त्यामुळे त्यांचा दिवस भरगच्च जातो. होडी त्यांनी पुतण्याला दिली, पण दर वर्षी रंग कुठला द्यायचा ते तेच सांगतात. डॉक्टरबाईंच्या गाडीचे फोटो कुणी कुणी काढले आणि ते फोनोफोनी फिरले. आज माझ्याकडे महागड्या गाड्यांचे मालक येतात आणि सांगतात, बाहेरून काळी करा आणि दाराच्या आत लाल लावा, निळा लावा. त्याचे जास्त पैसे मोजतात. नाखवांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना ते पटलं नाही. "लावायचा नसतो रं तो," ते म्हणाले, "असायला लागतो." मी ते गिऱ्हाइकांना सांगत नाही.

विन्या एसी रिपेअरिंगला गेला नाही, हे वेगळं सांगायला नको.

पण मला सांगायचंय ते डॉक्टरबाई गाडी न्यायला आल्या त्या दुपारचं. त्यांनी गाडीभोवती फिरून पाहिलं आणि आधी विन्याशी हात मिळवला. म्हणाल्या, आजींच्या घरी त्या स्वतः जाऊन आल्या, रिक्षाने. ऑपरेशन झालं, आजी आता काठी धरून घरात फिरतात आणि सुनेच्या मागे लागतात. मग त्यांनी दार वर केलं आणि आतला पिवळा बघत उभ्या राहिल्या. नाखवा दुसरीकडे बघत होते.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी काकींचा आवाज चढला. एक रिक्षावाला मासळीची पाटी घ्यायला नाही म्हणत होता. दुसराही नाही म्हणाला. काकी त्या दोघांच्या मागच्या पिढ्यांपर्यंत पोचल्या होत्या.

"काकी, चला, मी सोडते," डॉक्टरबाईंनी हाक मारली.

"ह्याच्यात?" काकी गाडीकडे बघत म्हणाल्या. "वास लागंल गो."

"माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये जो वास असतो ना, त्यापुढे हा अत्तर आहे. बसा."

काकींना बसवायला मी आणि विन्या दोघे लागलो. पाटी मांडीवर, खाली प्लास्टिक, वर काकींचा गजरा छपराला टेकलेला. नाखवांनी गाडीत वाकून पाहिलं. "मी?"

"दोनच सीटा हायत," काकी आतून म्हणाल्या.

गाडी फळ्यांवरून गल्लीबाहेर काढल्यावर नाखवा माझ्या बाइकवर मागे बसले आणि माझ्या पाठीत बुक्क्या मारत राहिले. "पुढं काढ. पुढं काढ रं. आपून आधी पोचलं पायजे." आम्ही आधी पोचलो. त्या रस्त्यावरून ती गाडी बैलगाडीच्याच वेगाने येऊ शकत होती.

बाजारात तिन्हीसांजेआधीची गर्दी होती. राखाडी गाडी अंग चोरून आली तेव्हा कुणी मान वर केली नाही. डॉक्टरबाईंनी ठरवलं होतं तसंच झालं. मग काकींच्या बाजूचं दार वर उचललं गेलं आणि मासळीबाजाराच्या मधोमध तो पिवळा उघडला. कोयते थांबले. भाव करणाऱ्या बायका थांबल्या. त्या पिवळ्या चौकटीत, मांडीवर पापलेटची पाटी घेऊन, काकी बसल्या होत्या. आणि त्यांना बाहेर येता येत नव्हतं.

नाखवा गर्दीतून पुढे झाले. बनियन खाली ओढलं, साखळी सरळ केली आणि लग्नातल्या नवऱ्यासारखा हात पुढे केला.

काकींनी त्या हाताकडे बघितलं. "हात काय देतंस? पाटी घे!"

होडीवरून मासळी आणायची पुरुषांनी आणि बाजारात न्यायची बायकांनी, असा त्यांच्याकडचा रिवाज. नाखवांनी जन्मात कधी बाजारात पाटी उचलली नव्हती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. सगळ्या कोळणी बघत होत्या. मग त्यांनी पाटी उचलली, थेट डोक्यावर घेतली. बाजारात एकच हशा आणि शिट्ट्या उठल्या. बर्फाचं पाणी त्यांच्या मानेवरून बनियनमध्ये उतरत होतं. नाखवा ताठ मानेने चालत काकींच्या जागेपर्यंत गेले, पाटी ठेवली, आणि परत आले. आता दोन्ही हात पुढे केले.

या खेपेला काकींनी ते धरले. त्या बाहेर आल्या, पदर सारखा केला, गजरा चाचपला. डॉक्टरबाई स्टीअरिंगवर डोकं टेकून हसत होत्या.

"बगत काय बसलीस?" काकी त्यांच्यावर ओरडल्या. "गाडी पुढं घे, बाय. गिऱ्हाईक येतंय."